भट्टी आणि बिजागरी

ऑगस्टमध्ये अकोल्याहून मामाचा फोन आला. मामेबहिणीला अमरावतीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, हॉस्टेल मिळालं होतं, आता राहिला होता लॅपटॉप. "मले त्यातलं काही समजत नाही," मामा म्हणाला. "ऐंशी हजार आहेत. तुझ्या आजीची एफडी मोडली. चार वर्षं टिकला पाह्यजे, बस्स. तू सांगशील तो घेऊ."

दहा मिनिटांनी मामेबहिणीचा मेसेज आला : "ताई, गेम्सपण चालले पाहिजेत. बाबांना सांगू नकोस प्लीज."

मी दोघांनाही हो म्हटलं आणि मग पोटात गोळा आला. कारण या दोन मागण्या एकाच यंत्राकडे केल्या की काय होतं, ते मी एकदा भोगलं आहे. २०१० साली मी पहिल्या वर्षाला असताना बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला लॅपटॉप घेऊन दिला होता. चकचकीत काळा, बोटांचे ठसे उमटणारा. दिवसा सी प्लस प्लस, रात्री गादीवर लोळत गाड्यांच्या शर्यती. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला त्याची उजवी बिजागरी प्लास्टिक फाडून बाहेर आली. मार्चमध्ये तो ऐन शर्यतीत बंद पडला, तो परत सुरू झालाच नाही. दुरुस्तीवाल्यानं तो माझ्यासमोर उघडला. पंखा आणि त्याच्यापुढच्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये धूळ आणि गादीचा कापूस यांचा थर बसला होता. तो वाळलेल्या पापडासारखा सलग निघाला. "मदरबोर्ड गेला. बदलायचा तर नव्याच्या निम्मे," तो म्हणाला. बाबा काहीच बोलले नाहीत. हप्ते अजून चौदा महिने बाकी होते आणि दर महिन्याच्या सात तारखेला ते पतसंस्थेत जात राहिले.

म्हणून या वेळी यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघण्याआधी मी उलट्या टोकापासून सुरुवात केली. लॅपटॉप टिकला पाहिजे हे कुणी आणि कशासाठी ठरवलं? त्यावर गेम चालला पाहिजे हे कुणी ठरवलं? आणि या दोघांचं एकमेकांशी वाकडं कधीपासून आहे?

गंमत म्हणजे दोन्ही गोष्टींचं जन्मसाल एकच निघालं, १९६२. त्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या काही तरुण पोरांनी पीडीपी-१ नावाच्या, खोलीचा मोठा भाग व्यापणाऱ्या संगणकावर 'स्पेसवॉर' हा खेळ तयार केला. दोन याने, मध्ये एक तारा, एकमेकांवर क्षेपणास्त्रं. आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकन संरक्षण खात्यानं 'मिल-स्टँडर्ड ८१०' नावाचा एक कंटाळवाणा दस्तऐवज काढला. लष्कराला लागणारं कोणतंही उपकरण उष्णता, दमट हवा, धूळ, हादरे आणि आपटणं सहन करतं का, हे कसं तपासावं याच्या पद्धती त्यात होत्या. आज दुकानातल्या लॅपटॉपवर 'मिलिटरी ग्रेड' असं स्टिकर दिसतं, ते या कागदाच्या वंशातलं. आणि शेजारीच लाल-हिरवे दिवे लुकलुकवणारा जो गेमिंग लॅपटॉप असतो, तो स्पेसवॉरच्या.

त्या दोघांची पहिली भेट मात्र कागदावर झाली, दहा वर्षांनी. १९७२ मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या ॲलन के यांनी एक निबंध लिहिला. सगळ्या वयाच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक, असा त्याचा विषय. यंत्राचं नाव डायनाबुक. वहीएवढा आकार, वजन चार पौंडांच्या, म्हणजे साधारण १.८ किलोच्या आत, आणि किंमत ५०० डॉलरच्या आसपास. त्याआधी के यांनी पुठ्ठ्याचा एक नमुना करून त्यात शिशाचे छर्रे ओतून पाहिले होते, हातात किती जड लागेल याचा अंदाज यावा म्हणून. तो निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चकितच झाले. त्यातली गोष्ट अभ्यासानं सुरू होत नाही. नऊ वर्षांची दोन मुलं, एक मुलगा आणि एक मुलगी, बागेतल्या गवतावर लोळत आपापल्या डायनाबुकवर स्पेसवॉर खेळताहेत. मुलगी जिंकते. मग खेळात सूर्याचं गुरुत्वाकर्षण कसं आणायचं, या प्रश्नावर गाडी भौतिकशास्त्राकडे वळते.

म्हणजे विद्यार्थ्याच्या लॅपटॉपची कल्पना जिथे मांडली गेली, तिथे गेम चोरून आलेला नव्हता. तो त्या निबंधातच होता. हे मी मामेबहिणीला लगेच कळवलं. "बाबांना हे सांगू का?" तिचं उत्तर.

कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात १९८१ साली बाजारात गाजलेला, उचलून नेता येणारा ऑस्बोर्न-१ हा संगणक होता जवळजवळ ११ किलोंचा, पाच इंची पडद्याचा. शिलाई मशीन पेटीत घालून नेल्यासारखा. (तो काढणाऱ्या ॲडम ऑस्बोर्न यांचं बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेलं होतं, शेवटही त्यांचा २००३ मध्ये कोडैकनालला झाला. हे इथे सांगायची गरज नव्हती, पण मला आवडतं.)

१९८२ मध्ये मात्र एक वेगळंच यंत्र आलं : ग्रिड कंपनीचा 'कंपास'. ब्रिटिश डिझायनर बिल मॉग्रिज यांनी त्याचा पडदा शिंपल्यासारखा कीबोर्डवर मिटवला. आज आपण ज्याला लॅपटॉपचा आकार म्हणतो, तो तिथून आला. बिजागरीसुद्धा. अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं : हलकं, मजबूत आणि आतली उष्णता स्वतःच बाहेर टाकणारं, त्यामुळे पंख्याची गरज नाही. फिरणारी डिस्क नाही. बॅटरीही नाही, हे वाचून हसू येतं, पण खरं आहे. भिंतीतला प्लग लागायचाच. किंमत ८,१५० डॉलर. गिऱ्हाईक कोण? बडे अधिकारी, अमेरिकन लष्कर आणि नासा. १९८३ पासून तो स्पेस शटलमध्ये गेला. तिथे एक अडचण आली. जमिनीवर गरम हवा आपोआप वर जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. अवकाशात वर-खाली असं काही नसतंच, त्यामुळे गरम हवा यंत्राभोवती तशीच साचून राहते. म्हणून नासानं त्यात पंखा बसवला.

माझ्या मृत लॅपटॉपचं आणि या यंत्राचं नातं मला इथे पहिल्यांदा जाणवलं. एवढं भक्कम मॅग्नेशियम, पण हवा हलली नाही तर तेही निरुपयोगी. गादीवर पालथं पडून मी नेमकं तेच केलं होतं : हवा बंद.

पुढची वीस वर्षं 'टिकणारे' लॅपटॉप साहेबांचे आणि सैनिकांचेच राहिले. १९९२ मध्ये आयबीएमचा थिंकपॅड आला. रिखार्ड झापर या जर्मन डिझायनरला तो जपानी बेंतो डब्यासारखा हवा होता : बाहेरून साधा, काळा, चौकोनी. १९९६ मध्ये पॅनासॉनिकनं टफबुक काढलं, पोलिसांच्या गाडीत आणि बांधकामावर वापरायला. ही यंत्रं खरंच टिकत. पण त्यांच्यावर कुणी गेम खेळत असेल, अशी त्यांच्या कर्त्यांची अपेक्षाच नव्हती.

खेळता आलंही नसतं म्हणा. १९९३ मध्ये 'डूम' आला तेव्हा स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर हलती गोष्ट मागे भुतासारखी सावली सोडत जायची. माऊसचा बाण जरा जोरात हलवला की दिसेनासा व्हायचा. त्यावर उपाय म्हणून विंडोजमध्ये बाणाला शेपटी लावायची सोय होती. जिथे बाणच सापडत नाही, तिथे राक्षस कुठून सापडणार? गेम डेस्कटॉपवर, काम लॅपटॉपवर, अशी वाटणी झालेली होती आणि त्यात दोघंही सुखी होते.

ही वाटणी मोडली २००० सालच्या अखेरीस. एनव्हिडियानं जीफोर्स २ गो नावाची, खास लॅपटॉपसाठीची ग्राफिक्स चिप जाहीर केली. पाठोपाठ एटीआयचीही आली. आता एकाच चपट्या पेटीत दोन भट्ट्या झाल्या : एक प्रोसेसरची, एक ग्राफिक्सची. त्यांची उष्णता बाहेर न्यायला जे वापरलं जातं, तेही अवकाशाच्या वाटेनंच आलेलं आहे. तांब्याची बंद नळी, आत थोडंसं पाणी. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाते, तिथे पुन्हा पाणी होऊन नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. ना मोटर, ना वीज. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत १९६३ मध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशातल्या वापरासाठी यावर काम केलं आणि 'हीट पाइप' हे नाव रूढ केलं. आज कुठलाही गेमिंग लॅपटॉप उघडा, या नळ्या शिरांसारख्या पसरलेल्या दिसतील. त्यांच्या टोकाला पात्यांची जाळी, जाळीपुढे पंखा. माझा पापड इथेच निघाला होता.

आणि मग २००८. या इतिहासातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं वर्ष, दोन कारणांनी.

जानेवारीत स्टीव्ह जॉब्जनं भर मंचावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला आणि सगळ्या कंपन्यांना सडपातळपणाचं वेड लागलं. पातळ करायचं तर काहीतरी गेलंच पाहिजे. रॅमच्या बदलता येणाऱ्या पट्टीऐवजी रॅम थेट बोर्डावर झाळली जाऊ लागली. बॅटरी आत गाडली गेली. यंत्र दिसायला देखणं झालं, पण दुरुस्तीवाल्याच्या हातातून हळूहळू निसटलं.

जुलैमध्ये दुसरी घटना. एनव्हिडियानं जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या त्यांच्या आधीच्या पिढीतल्या काही चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. दोष चिपच्या वेष्टनातल्या साहित्यात होता. चिप तापली की प्रसरण पावते, थंड झाली की आकुंचन पावते. पण चिप आणि तिच्याखालची पाटी एकाच मापानं फुगत नाहीत. दोघींना जोडणारे झाळणाचे बारीक ठिपके रोज ताणले जातात, सैल सोडले जातात. तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तसे ते तडकतात. लॅपटॉप दिवसातून कितीदा तरी चालू-बंद होतो, म्हणून तिथे हे जास्त. कंपनीनं आपल्या निवेदनात लॅपटॉपची रचना आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत यांचाही वाटा असल्याचं म्हटलं होतं. ग्राहकांना ते फारसं पटलं नाही. अमेरिकेत खटला झाला आणि शेवटी तडजोड करावी लागली.

मला यातून एक गोष्ट कळली, जी दुकानदार कधी सांगत नाही. लॅपटॉप पडून मरतो त्यापेक्षा तापून-निवून मरतो. 'मिलिटरी ग्रेड'मधली आपटण्याची जी नेहमीची चाचणी आहे, तीत सुमारे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडतात : सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे. ऐकायला जबरदस्त. पण हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घ्यायची मुभा आहे. शिवाय कोणत्या चाचण्या करायच्या ते बनवणारी कंपनी स्वतः ठरवते, आणि प्रमाणपत्र देणारं कोणतंही सरकारी कार्यालय नाही. स्टिकर खोटं असतं असं मी म्हणत नाही. ते अर्धं वाक्य असतं, एवढंच.

त्याच सुमारास आपल्या रायगड जिल्ह्यात याच प्रश्नाचं अगदी निराळं उत्तर येऊन पोहोचलं होतं. ॲलन के आणि सीमोर पॅपर्ट यांच्या विचारांतून निकोलस निग्रोपाँटे यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही मोहीम काढली होती. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं २००६ मध्ये ती नाकारली, तरी २००७ मध्ये खैरात-धनगरवाडा इथल्या वीस-बावीस मुलांच्या शाळेत ते हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यात पंखा नव्हता, फिरणारी डिस्क नव्हती, कीबोर्ड सलग रबरी होता म्हणून धूळ-पाणी आत जात नव्हतं, पडदा उन्हात वाचता येत होता. १०० डॉलरचं स्वप्न जवळपास दुप्पट किमतीला पोहोचलं, ते वेगळं. प्रोसेसर मुद्दाम इतका मंद ठेवला होता की भट्टी पेटणारच नाही. आणि तरी त्यावर गेम होता! इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीनं जुना 'सिमसिटी' या मोहिमेला देऊन टाकला होता. टिकणं आणि खेळणं यांचं भांडण त्या यंत्रात नव्हतं, कारण तिथे खेळ यंत्राच्या ऐपतीचा निवडला होता. माझ्या मामेबहिणीला १९८९चा सिमसिटी देऊन भागणार नव्हतं, हेही खरंच.

तर पुन्हा ऐंशी हजारांकडे.

तिनं दहा-बारा लिंक पाठवल्या होत्या. बहुतेकांत एनव्हिडियाची ४०५० नाहीतर ४०६० चिप. "ताई, सेम कार्ड आहे, मग हा आठ हजारांनी स्वस्त का?" इथे एक खाचखळगा आहे. लॅपटॉपमधल्या या चिपला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देण्याची मोकळीक बनवणाऱ्याला असते. नाव तेच, पण एकीला अर्धपोटी ठेवलेलं. पातळ लॅपटॉपमध्ये वॅट कमी असतात, कारण उष्णता बाहेर काढायला जागाच नसते. हा आकडा दुकानाच्या पानावर क्वचित असतो. कंपनीच्या वेबसाइटवर, वैशिष्ट्यांच्या तक्त्यात शोधावा लागतो. आम्ही प्रत्येकाचा शोधला.

दुसरा हिशेब अकोल्याचा. चिप साधारण ९५ अंशांपर्यंत तापू दिली जाते, मग ती आपोआप वेग कमी करते. खोली २५ अंशांची असेल तर चिप आणि हवेत ७० अंशांचं अंतर मिळतं. मे महिन्यात खोली ४२ अंशांची असेल तर ५३. अंतर जितकं कमी, तितकी उष्णता कमी बाहेर पडते, म्हणजे तोच पंखा, त्याच नळ्या, पण काम पाऊणपट. एसीत बसून केलेला रिव्ह्यू वऱ्हाडातल्या हॉस्टेलला लागू पडत नाही तो असा. म्हणून खालून रुंद जाळ्या, मागून मोकळी तोंडं आणि थोडा जाड देह असलेले तेवढेच यादीत ठेवले. वजन अडीच किलोच्या जवळ गेलं. तिनं नाक मुरडलं. "ताई, हे फार अंकल टाइप दिसतात."

तिसरी गोष्ट मात्र तिनंच केली. मी तिला म्हटलं होतं, अकोल्यात एखाद्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात जाऊन नुसतं बसून ये. ती अर्धा दिवस बसली. संध्याकाळी तिचा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. दुकानात त्या दिवशी आलेल्या नऊपैकी चार लॅपटॉपची बिजागरी गेलेली होती. आत बारीक पितळी नट प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यांत बसतात. लोक पडद्याचा एकच कोपरा धरून उघडतात, जोर एका बाजूला येतो, नट उपटून येतो. काकांनी तिला एक उपटलेला नट दिला होता. शिवाय आमच्या यादीतल्या प्रत्येक मॉडेलचं नाव वाचून कुठल्याचं सामान अकोल्यात मिळतं, कुठल्याचं नागपूरहून मागवावं लागतं आणि कुठल्याचं मिळतच नाही, हेही सांगितलं होतं. या एका वाक्यावर यादी दोनवर आली.

त्या दोघांत एकाला रॅमच्या दोन मोकळ्या खाचा होत्या आणि तळाचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडत होतं. दुसऱ्याचा पडदा जास्त सुंदर होता. मी काही बोलले नाही. मामेबहिणीनं पहिला घेतला. १६ जीबी रॅम, पुढे वाढवता येईल, चिप पूर्ण ताकदीच्या जवळची, किंमत ७८,५००. उरलेल्या पैशांत वाढीव वॉरंटी बसत नव्हती, ती मी भरली. मामाला सांगितलं नाही.

मामानं बिल बघून एकच प्रश्न विचारला. "एवढा जाड? जुना तर नाही दिला ना त्यानं?"

मी फोनवर त्याला तांब्याच्या नळीतलं पाणी समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे रेडिएटरच की." मामानं तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. हे मला आधी कसं सुचलं नाही कुणास ठाऊक. पुढची पंधरा मिनिटं त्यानं मला रेडिएटर कधी आणि कसा साफ करायचा ते सांगितलं, आणि दर दिवाळीला लेक घरी आली की झाकण आपण स्वतः उघडणार असंही जाहीर करून टाकलं.

परवा तिनं हॉस्टेलमधून फोटो पाठवला. टेबलावर लॅपटॉप, मागच्या दोन पायांखाली दोन पालथ्या स्टीलच्या वाट्या, हवा खेळावी म्हणून. शेजारी तो पितळी नट दोऱ्यात ओवून ठेवलेला. पडद्यावर असाइनमेंट उघडी होती, पण खालच्या पट्टीत गेमचं चिन्ह स्पष्ट दिसत होतं. मी फोटो मोठा करून पाहिला आणि तो मामाला पुढे पाठवताना खालची पट्टी कापून टाकली.